तिसरं केंद्र

"सर, यात आपलं तिसरं केंद्र नाई."

देवमन खंडारेने हे तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा कुठे डॉ. पाटणकरांनी मान वर केली. टेबलावर शहराच्या हवेवरच्या छापील अहवालाचा गठ्ठा होता. छापखान्यातून तो देवमननेच सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणला होता आणि सुतळी सोडल्याबरोबर उभ्या उभ्याच पानं उलटायला लागला होता. चौदा महिने आपण जे केलं ते छापल्यावर कसं दिसतं, एवढंच त्याला पाहायचं होतं.

"आहे की. पहिल्या पानावर उल्लेख आहे," डॉक्टर म्हणाले.

"उल्लेख हाय सर. आकडे नाईत. तक्ते दोनच हायेत, कॉलेजचा अन् कापूस बाजाराचा. भीमवाडीचा कुठी गेला?"

"अहवालात काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं. ते तुझं काम नाही. या प्रती कपाटात लाव आणि ब्यूरेट धुऊन ठेव. दुपारी इंटरची मुलं येतील."

देवमनने प्रती कपाटात लावल्या. ब्यूरेट धुतले. मग एक प्रत घेऊन तो रसायनशाळेमागच्या भांडारखोलीत गेला आणि ॲसिडच्या बरण्यांमध्ये उकिडवा बसला. इंग्रजी तो सावकाश वाचे, शब्दाखाली बोट धरून. सतराव्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या टाइपात, त्याला ती ओळ सापडली. तिसऱ्या केंद्रावरील निरीक्षणं अप्रशिक्षित माणसाने घेतलेली असल्यामुळे ती विश्वसनीय नाहीत, सबब ती विचारात घेतलेली नाहीत.

त्याने ती ओळ दोनदा वाचली. 'अनट्रेन्ड' हा शब्द त्याला माहीत होता. औताला न धरलेल्या गोऱ्ह्याला आपण अडाणी म्हणतो, तसलाच तो. समोरच्या बरणीत गंधकाम्ल होतं. ती उचलून फरशीवर आपटावी असं एक क्षण त्याला इतकं मनापासून वाटलं, की त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले.

हे सन पासष्टच्या फेब्रुवारीतलं.

देवमन अकोल्यातल्या त्या कॉलेजात प्रयोगशाळेचा परिचर होता. कागदावर परिचर, हाक मारताना शिपाई. मॅट्रिकला त्याला गणितात शहात्तर मार्क होते. इंटर सायन्सचं एक वर्ष त्याने काढलंही. मग बाप गेला आणि ते तिथेच राहिलं. आई तर त्याला आठवतही नव्हती. त्याला वाढवलं ते थोरल्या बहिणीने, चतुराबाईने. नवऱ्याने टाकलेली ही बाई नाक्यापलीकडच्या काजळीच्या कारखान्यात कामाला होती. छप्पन्नच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन आल्यावर तिने घरातले देव नाल्यात सोडले, रिकामा झालेला कोनाडा पुसून घेतला आणि तिथे देवमनची पुस्तकं लावली. "आता याहिलेच नमस्कार करजो," ती म्हणाली होती.

कारखाना किसनरावांचा. नागपूरकडचे जुने मालगुजार, जमीनदार; जमिनी गेल्यावर धंद्यात उतरलेले. लोखंडी कढयांमध्ये डांबरतेल जाळायचं, पण त्याला पुरती हवा मिळू द्यायची नाही, म्हणजे ते धूर ओकतं. हा धूर एकापुढे एक अशा चार बंद खोल्यांतून फिरवायचा. खोल्यांत तरटाचे पडदे टांगलेले. त्यांवर काजळी बसते. दर दोन दिवसांनी भट्टी विझवून बाया आत शिरायच्या, पडदे झोडपायच्या, भिंती खरवडायच्या आणि काजळी पोत्यांत भरायच्या. तिची शाई व्हायची. कापसाच्या गाठी बांधणारे प्रेसवाले गठाणींवर जे ठळक काळे छाप मारतात त्याची. बुटांचं पॉलिश व्हायचं, पाट्यांचा रंग व्हायचा. चतुराबाई तिथे अठरा वर्षं खरवडत होती. तिच्या नखांच्या कडा, डोळ्यांच्या कोरा, कानामागच्या वळ्या कायमच्या काळ्या. ती म्हणायची, "माह्या थुंकीनं चिठ्ठी लिहता येते, बाप्पा. दौत कायले पायजे?"

बासष्टमध्ये पुण्याहून डॉ. पाटणकर कॉलेजात आले. बुद्धिमान माणूस, बोलायला मऊ. काजळीचा कण किती बारीक, तो कसा जन्मतो, कुठवर उडतो, यावर त्यांना संशोधन करायचं होतं. किसनरावांना हवी होती अधिक काळी, अधिक बारीक काजळी. मुंबईचे शाईवाले तसलीच मागत होते. दोघांची गाठ पडली. किसनरावांनी प्रयोगशाळेला नवा तराजू आणि सूक्ष्मदर्शक दिला, डॉक्टरांनी कारखान्याला सल्ला द्यायचं कबूल केलं. आणि त्याच्याच जोडीला शहराच्या हवेतली काजळी मोजायची, असं ठरलं.

मोजायचं कसं? तशी यंत्रं विलायतेत होती, पण ती विजेवर चालत आणि कारखान्याला लागून असलेल्या देवमनच्या वस्तीत, भीमवाडीत, वीज नव्हती. ही अडचण देवमनने सोडवली. त्याने दोन मोठ्या काचेच्या बरण्या घेतल्या. वरची पाण्याने भरायची, तिला रबरी नळी लावून पाणी थेंबाथेंबाने खालच्या बरणीत सोडायचं. वरच्या बरणीतून जितकं पाणी जाईल तितकी हवा आत ओढली जाणार, आणि ती ज्या तोंडातून येणार तिथे रुपयाएवढा गाळणकागद बसवायचा. चोवीस तासांत कागदावर डाग उठतो. तो छटांच्या पट्टीशी ताडून पाहायचा. कोरा पांढरा म्हणजे शून्य, पुरता काळा म्हणजे दहा. डॉक्टरांनी बरण्यांकडे पाहिलं आणि देवमनच्या पाठीवर हात ठेवला. "तू माझ्या एम.एस्सी.च्या पोरांपेक्षा हुशार आहेस," ते म्हणाले. देवमनने ते वाक्य घरी नेऊन बहिणीला जसंच्या तसं ऐकवलं होतं.

पहिलं केंद्र कॉलेजच्या गच्चीवर, दुसरं कापूस बाजारात, तिसरं भीमवाडीच्या शाळेच्या छपरावर. तिन्ही ठिकाणी रोज सकाळी देवमनच जाई. पाणी वाहून नेई, कागद बदले, तारीख घाली, छटा वाचून वहीत मांडी. चौदा महिन्यांत फक्त नऊ दिवस चुकले, तेही पुरात नाक्याचा पूल बुडाला आणि कॉलेजातून गाळणकागद आणता येईनात म्हणून. भीमवाडीचे डाग उन्हाळ्याच्या तोंडाशी पट्टीच्या बाहेर जायला लागले, तेव्हा त्याने स्वतः काजळी पाण्यात कमी-जास्त कालवून, कागद भिजवून, अकरा, बारा, तेरा, चौदा अशा पुढच्या छटा तयार केल्या. डॉक्टरांनी त्या भिंगाखाली तपासल्या आणि पट्टीला जोडल्या.

कारखान्यातही तोच जाई. डॉक्टर सांगत आणि हा करून पाही. चौसष्टच्या मार्चमध्ये त्याच्या हातून एक गोष्ट साधली. भट्टीला हवा देणारी झडप त्याने एक तृतीयांश ओढून घेतली, कढई चार बोटं वर उचलली, आणि काजळी अशी उतरली की चिमटीत धरली तर लोण्यासारखी पसरावी. किसनराव स्वतः भट्टीपाशी आले. "वा रे वा, खंडारे! तू तं मंत्र मारला!" देवमनला पेढा दिला. पेढा वरून हातावर टाकला, पण दिला.

मे महिन्यात, सुट्टीत, देवमनने सहज तिसऱ्या केंद्राचे आकडे आलेखाच्या कागदावर मांडले. मार्चच्या बारा तारखेपर्यंत रेघ सहाच्या आसपास वळवळत होती. तेरा तारखेला ती उठली, अकरावर गेली आणि खाली आलीच नाही. पहिल्या दोन केंद्रांच्या रेघा होत्या तशाच. बारा मार्च ही झडप ओढल्याची तारीख. काजळी बारीक झाली होती, आणि बारीक कण पडद्यावर बसत नाही; चारही खोल्या ओलांडून धुरांड्यातून बाहेर पडतो आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला जी वस्ती असेल तिच्यावर उतरतो.

तो धावत डॉक्टरांच्या बंगल्यावर गेला. डॉक्टरांनी आलेख पाहिला, तांबडी पेन्सिल घेतली आणि बारा तारखेखाली रेघ मारली. "हे फार महत्त्वाचं आहे, देवमन. फार महत्त्वाचं."

घरी मात्र त्याच्याने जेववलं नाही. चतुराबाईने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे तू हुशार झाला अन् आमी काळे झालो."

"अक्का, मले काय मालूम होतं?"

"तुले नोतं मालूम. आता झालं ना? मंग आता काय करतं ते सांग."

"सर लिहणार हायेत. छापून येईन. मंग त्याहिले झडप सोडाच लागन."

या भरवशावर त्याने पुढचे सात महिने पाणी वाहिलं होतं.

त्या फेब्रुवारीच्या दुपारी तो भांडारखोलीतून उठला आणि सरळ डॉक्टरांसमोर जाऊन उभा राहिला. इंटरची मुलं अजून आली नव्हती.

"सर, सतराव्या पानावर तुमी मले अडानी म्हटलं."

"असं कोणी म्हटलेलं नाही. ती एक शास्त्रीय भाषा असते."

"बारा मार्चखाली तांबडी रेघ कोनं मारली होती सर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. "हे बघ. किसनराव आपल्याला पुढच्या वर्षी नवी प्रयोगशाळा बांधून देताहेत. त्या प्रयोगशाळेत आपण हाच विषय पुढे नेऊ. तेव्हा तिसरं केंद्र घेऊ. माणसाला थांबता आलं पाहिजे."

"माही बहीण रोज त्या खोलीत जाते सर. तिनं किती थांबावं?"

"आवाज खाली कर," डॉक्टर म्हणाले. देवमनचा आवाज मुळात वर गेलाच नव्हता.

अहवालाची घाई कशासाठी होती ते आठ दिवसांत कळलं. किसनरावांनी दुसऱ्या भट्टीचा परवाना मागितला होता. भीमवाडीच्या शंभरेक लोकांनी अंगठे उठवून हरकत घेतली होती. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चौकशी लागली. परवाने पाहणारा एक अधिकारी कारखान्यातच येऊन बसणार होता आणि दोन्ही बाजू ऐकणार होता.

चौकशीच्या दिवशी देवमन सकाळी नेहमीपेक्षा लवकर कॉलेजात गेला. कपाटाची किल्ली त्याच्याकडेच असे. तिसऱ्या केंद्राचे चारशे सतरा कागद महिन्याप्रमाणे पाकिटांत घालून त्यानेच ठेवले होते. पाकिटं त्याने पिशवीत भरली. छटांची पट्टी घेतली, वही घेतली. दाराशी पहारेकऱ्याने विचारलं, "काय नेऊन राहिला?"

"कागद," देवमन म्हणाला.

कारखान्याच्या आवारात निंबाखाली टेबल मांडलं होतं. भट्टी त्या दिवशी विझवलेली. सडा घातलेला, आणि इकडून तिकडे पांढरी रांगोळीसुद्धा. अधिकारी प्रौढ, थकल्यासारखा दिसणारा माणूस होता. त्याच्या उजव्या हाताला किसनराव, त्यांचा वकील आणि डॉ. पाटणकर खुर्च्यांवर बसले. भीमवाडीची माणसं समोर जमिनीवर. बाया मागे.

वकिलाने निळ्या कव्हरचा अहवाल टेबलावर ठेवला. "साहेब, हे काही आमचं म्हणणं नाही, हे शास्त्र आहे. चौदा महिने शहराची हवा तपासली. काजळीचं प्रमाण सरासरी तीन. दहापैकी तीन!" मग त्याने कामावरच्या गंगूबाईला पुढे बोलावलं. गंगूबाई चतुराच्या जोडीची, बारा वर्षं एकाच खोलीत झोडपणाऱ्या दोघी. ती पदर तोंडाशी धरून उभी राहिली.

"बाई, कामाचा काही त्रास?"

"काई तरास नाई, सायेब."

"खोकला वगैरे?"

"नाई जी."

तिने चतुराकडे पाहिलं नाही. चतुरानेही तिला हाक मारली नाही. गंगूबाईच्या घरात पाच तोंडं होती आणि कमावणारी ती एकटी, हे चतुराला माहीत होतं. ती शेजारणीला म्हणाली, "हिले बोलू नका कोनी. जो बोलवून राह्यला त्याच्याकडे पाहा."

अधिकाऱ्याने विचारलं, "हरकतदारांकडे काही पुरावा?"

देवमन उठला. त्याने पिशवीतून पहिलं पाकीट काढलं आणि टेबलावर कागद मांडायला सुरुवात केली. एकेक गोल, रुपयाएवढा. नोव्हेंबर त्रेसष्ट. राखी. डिसेंबर. थोडे काळे. जानेवारी, फेब्रुवारी. टेबल भरलं तेव्हा त्याने अधिकाऱ्याच्या पुढ्यातली दौत उचलून बाजूला ठेवली आणि तिथेही कागद लावले. मार्चची बारा तारीख आली. तेरा तारखेपासून पुढे गोल असे काळे होत गेले की रोज तव्याच्या बुडाला टेकवून आणल्यासारखे. मागच्या बाया उठून टाचा उंचावून पाहायला लागल्या.

"हे काय आहे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"भीमवाडीची हवा हाय, सायेब. तिसरं केंद्र. हिची सरासरी त्या पुस्तकात नाई. झडप ओढली त्या दिवसापासून अकरा हाय. दहाच्या पट्टीत मावत नाई म्हनून पट्टी वाढवा लागली. झडप म्या ओढली होती. थो गुन्हा माहा हाय, लिहून घ्या."

किसनराव ताडकन उठले. "हा कॉलेजचा शिपाई हाय! कागद चोरून आनले यानं!"

"बसा," अधिकारी म्हणाला. तो डॉक्टरांकडे वळला. "डॉक्टरसाहेब, हे कागद तुमच्या पाहणीतले आहेत का?"

डॉ. पाटणकर उभे राहिले. एकवार त्यांनी टेबलाकडे पाहिलं. "कागद आमचेच आहेत. पण या केंद्रावरच्या नोंदी शास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य धरता येत नाहीत. निरीक्षक अप्रशिक्षित होता. अहवालात तसं नमूद केलं आहे."

"निरीक्षक कोण होता?"

"हाच."

बोलताना देवमनचा शब्द अडखळला नाही. आयुष्यात एकदाच त्याने पुस्तकी भाषा वापरली, प्रत्येक शब्द तोलून.

"सर, पहिलं केंद्र कोणी वाचलं?"

डॉक्टर वकिलाकडे पाहू लागले.

"दुसरं केंद्र कोणी वाचलं?"

वकील मधे पडला, "साहेब, साक्षीदाराला असे प्रश्न..."

"उत्तर द्या," अधिकारी म्हणाला.

"यानेच," डॉक्टर म्हणाले. ते इतकं हळू आलं की अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं, आणि त्यांना ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

"तिन्ही केंद्रं मीच वाचली, साहेब," देवमन म्हणाला. "याच डोळ्यांनी, याच पट्टीवर. कॉलेजच्या गच्चीवर मी शहाणा असतो. कापूस बाजारात शहाणा असतो. नाका ओलांडून माझ्या घराकडे आलो की अडाणी होतो. हे कसं, एवढं सरांनी सांगावं. मग मी कागद उचलतो."

अधिकाऱ्याने अहवाल हातात घेतला, सतरावं पान काढलं, वाचलं आणि बंद करून वकिलाकडे सरकवला. "हा अहवाल मला धरता येत नाही," तो म्हणाला. भीमवाडीच्या माणसांत हालचाल झाली. त्याने हात वर केला. "आणि हे कागदही धरता येत नाहीत. ज्याचे आहेत तोच नाही म्हणतो आहे. सहा महिन्यांनी नवी पाहणी होईल, बाहेरच्या माणसांकडून. तोवर दुसरी भट्टी नाही. चालू भट्टी चालू राहील."

तो उठला. वारा आला आणि टेबलावरचे काही गोल उडाले. अंगणभर विखुरलेले कागद बायांनी वेचून आणून दिले. एक कागद गंगूबाईने वेचला. तिने तो देवमनच्या हातात दिला, आणि मग तिला खोकल्याची उबळ आवरेना, म्हणून ती कारखान्याच्या भिंतीआड गेली.

दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी देवमनला बोलावलं. टेबलावर कोरा कागद ठेवला. "लिहून दे. कॉलेजची मालमत्ता विनापरवानगी नेली, चूक झाली, क्षमा असावी. डॉक्टर तुझी रदबदली करताहेत. लिहिलंस तर मिटेल."

देवमनने उभ्यानेच लिहिलं. 'कागद न विचारता नेले. ते मीच जमा केले होते. क्षमा मागत नाही.' खाली सही केली, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. महिना संपायच्या आत त्याला कामावरून कमी केलं. कागदांची पाकिटं कॉलेजने मोजून परत घेतली. चतुराबाईला तर कारण सांगायचीही कोणाला गरज वाटली नाही, फाटकावरचा माणूस म्हणाला, "तुही पाळी बंद." अठरा वर्षांनंतर.

वस्तीतल्या सगळ्यांनी काही त्याला खांद्यावर घेतलं नाही. दुसऱ्या भट्टीवर तीसेक बायांना काम लागणार होतं, ते गेलं. नळावर कोणी चतुराला ऐकवायचं, "भावानं मर्दुमकी केली अन् आमच्या पोटावर पाय देल्ला." चतुरा घागर कमरेवर घेऊन म्हणायची, "छातीवर होता थो पाय. तुमाले पोटावर वाटून राह्यला." एवढं बोलायची आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. ती शेतात तुरी वेचायला जाऊ लागली. देवमनला टेशनाजवळच्या एका सोडावॉटरच्या कारखान्यात बाटल्या धुवायचं काम मिळालं. तिथेही काच, पाणी आणि रबरी नळ्याच होत्या. कधीकधी बाटली उजेडाला धरून तो ती जरा जास्त वेळ पाहत राही. मग मालक ओरडे.

मेमध्ये, रणरणत्या उन्हाच्या एका सकाळी, डॉ. पाटणकर भीमवाडीत आले. सायकलवरून, एकटे. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. देवमन घरीच होता, रविवार होता. त्याने बाज पुढे ओढली. डॉक्टर बाजेवर बसले आणि घामेजल्या पाठीने भिंतीला टेकले. चौदा एप्रिलला चतुराने त्या भिंतीला चुन्याचे दोन हात दिले होते. तीन आठवड्यांतच तिच्यावर काजळीची मखमल चढली होती.

चतुराने पाणी आणून दिलं. डॉक्टर ते सगळं प्यायले.

"तुझ्याबद्दल वाईट वाटतं मला," ते म्हणाले. "मी प्राचार्यांशी पुन्हा बोललो आहे. तुला परत घेतील."

देवमन बाजेसमोर उकिडवा बसला.

"मुंबईच्या एका नियतकालिकाने माझा लेख घेतलाय. दहाच्या पुढच्या छटा कशा तयार केल्या, ते सविस्तर विचारताहेत. नव्या मुलाला जमत नाहीये. एकतर कागद फाटतो, नाहीतर काजळी एकसारखी बसत नाही. तू दोन दिवस येऊन दाखवलंस तर... लेखाच्या शेवटी तुझे आभार मानीन मी. नाव घालून."

"दहाच्या पुढच्या छटा तुमाले कायले लागतात सर?" देवमनने विचारलं. "पयल्या दोन केंद्रांत दहाच्या वर तं कधी गेलंच नाई."

डॉक्टरांनी पेल्याच्या तळाशी पाहिलं.

"माहं नाव नोका घालू," देवमन म्हणाला. "तिसरं केंद्र घाला. चारशे सतरा आकडे, तारखेसकट. छापून आनून दाखवा, मी उभ्या पायानं येतो. नोकरी नाई देल्ली तरी येतो."

"ते आता माझ्या हातात राहिलेलं नाही, देवमन."

"मंग माह्या हातातबी नाई."

डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. त्यांना अजून काही बोलायचं असावं. पण दारात उभी असलेली चतुराबाई त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. तिच्या नजरेत शिव्या नव्हत्या, काहीच नव्हतं, आणि तेच त्यांना सोसेना. ते उठले, चपला घातल्या आणि वाकून बाहेर पडले.

त्यांच्या पांढऱ्याशुभ्र बुशशर्टाच्या पाठीवर, मानेपासून कमरेपर्यंत, भिंत उमटली होती. दोन खांदे, मधली पन्हळ, सगळं काळंकुट्ट.

देवमन दोन पावलं पुढे झाला. सवयच होती, प्रयोगशाळेत त्यांच्या कोटावर खडूची भुकटी दिसली तरी तो सांगे. "सर..." असा शब्द त्याच्या ओठांवर आलाही.

चतुराने त्याच्या मनगटाला धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "जाऊ दे तसाच."

डॉक्टर सायकल हातात धरून गल्लीतून चालत गेले. कोणी हसलं नाही, कोणी हाक मारली नाही. दारोदारची माणसं नुसती पाहत राहिली. नाक्यावर रेल्वेचं फाटक पडलं होतं. मालगाडी जाईपर्यंत ते इकडे पाठ करून उभे राहिले. मग फाटक वर झालं, त्यांनी सायकलवर टांग टाकली, आणि गावात शिरले.